सही चालणार नाही

लाँड्रीच्या मागच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं होती. एकावर काका शर्टांना इस्त्री करायचे, दुसऱ्यावर बाळ पॅन्ट आणि चादरींना. मध्ये वाफेचा ढग. अशी एकोणीस वर्षं गेली.

बाळ हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हे. घरातलं शेंडेफळ म्हणून बाळ, ते पन्नाशीला टेकला तरी बाळच राहिलं. काकाही तसे कुणाचेच काका नव्हते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊबंद असतीलच तर त्यांनी कधी तोंड दाखवलं नाही. कॉलरवरून मात्र ते कुणाशीही भांडायला तयार. "कॉलर आधी आतून, मग बाहेरून. उलटं केलंस की टोकाला चुणी आलीच म्हणून समज," असं ते शर्ट न करणाऱ्या बाळलाही दिवसातून एकदा सुनावायचे. बोलायचं काम काकांचं, ऐकायचं बाळचं. दोघांनाही ते सोयीचं होतं.

एवढ्या वर्षांत बाळनं काकांना एकच गोष्ट सांगितली नव्हती. सत्ताविसाव्या वर्षी तो आजारी पडला होता. आधी झोप गेली. मग शेजारचे लोक भिंतीला कान लावून आपल्याबद्दल बोलतात असं वाटायला लागलं. शेवटी एक दिवस त्यानं घरातली सगळी भांडी खिडकीतून खाली टाकली आणि स्वतः जिन्यात जाऊन बसला, तो दोन दिवस उठेना. मनोरुग्णालयात सात महिने काढले. आईवडील आधीच गेलेले. सहा वर्षांनी मोठी असलेली ताई तेवढी होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती कोर्टात गेली आणि कोर्टानं तिला बाळची पालक नेमलं. याचं राहणं, नोकरी, औषधपाणी, सगळं ताई ठरवणार आणि सही तिची.

बाळ बरा झाला. गोळ्या नियमानं घेत राहिला, त्याला कामाची गोडी लागली, पुढं इतक्या वर्षांत एकदाही काही झालं नाही. पण कोर्टाचा कागद जागच्या जागी राहिला. त्याची मुदत कुणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी त्याला मुदत नव्हतीच.

ताई एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. बाळला तिनं तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक खोली बघून दिली होती. दर गुरुवारी संध्याकाळी यायची. डबीतल्या गोळ्या मोजायची, फ्रिज उघडून वास घ्यायची, त्याला उजेडात उभं करून नखं आणि केस बघायची. पडद्यांचा रंग तिचा, चपलांचा नंबरही तिनंच सांगायचा. बाळला यात कधी काही खटकलं नाही. खटकावं लागतं हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं, असं तो नंतर म्हणायचा.

एके दिवशी सकाळी शर्ट करता करता काकांच्या हातातली इस्त्री जागेवरच थांबली. बाळला आधी जळका वास आला, मग त्यानं वर पाहिलं. काका उभेच होते, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि इस्त्रीखालच्या शर्टावर तपकिरी त्रिकोण उमटत होता. बाळनं आधी इस्त्री उचलली आणि मग काकांना धरलं. हा उलटा क्रम त्याच्या मनाला पुढं बरेच दिवस लागून राहिला.

तीन आठवडे काका इस्पितळात होते. बाळ काम सुटलं की रोज तिथं. काकांची उजवी बाजू अधू झाली होती, पण बोलणं हळूहळू परतत होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, फक्त सोबतीला माणूस हवं. काकांच्या घरी सोबतीला कुणीच नव्हतं. लाँड्रीच्या मालकानं बाळची वेळ अर्धी करायची तयारी दाखवली. बाळनं स्वतःच्या खोलीतलं टेबल हलवून दुसऱ्या खाटेची जागा केली.

"येतो तुझ्याकडे," काका वाकड्या तोंडानं म्हणाले. "पण घोरतो मी. आधीच सांगितलेलं बरं."

"घोरा की," बाळ म्हणाला. "मला तेवढीच सोबत."

सोडायच्या दिवशी काका चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कपड्यांची पिशवी. खिडकीतल्या बाईंनी बाळपुढं फॉर्म सरकवला. रुग्णाची जबाबदारी घेणाऱ्याची सही. बाळनं जपून, अक्षर न अक्षर लावून सही केली. बाईंनी त्याचं ओळखपत्र घेतलं, नंबर घातला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"तुमची सही चालणार नाही."

"का? नीट आली नाही का? परत करतो."

"तसं नाही. तुम्ही पालकत्वाखाली आहात. तुमच्या पालकांना बोलवा."

"माझे आईवडील कधीच गेले."

"इथे एका बाईंचं नाव आहे. बहीण असतील. त्यांना बोलवा." बाई वाईट नव्हत्या. त्या हलक्या आवाजात सांगत होत्या, पण काकांची खुर्ची तिथून हातभर अंतरावर होती.

बाळला मान वर करवेना. काकांनी सगळं ऐकलं होतं. थोडा वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, "अरे, मग बहिणीला बोलाव ना. त्यात काय एवढं!"

ताई आली. शाळेतून तशीच, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. तिनं बाळला बाजूला घेतलं.

"मी सही करणार नाही, बाळ."

"काका चांगले आहेत गं."

"असतील. मी कुठे नाही म्हणते? पण उद्या ते पडले, तू घाबरलास, झोप उडाली आणि पुन्हा तेच सगळं सुरू झालं, तर? तुझी झोप किती मुश्किलीनं लागलीय ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही."

तिचे डोळे भरून आले होते. काकांना सरकारी निवारागृहात पाठवलं. ते गावाबाहेर, बसनं दोन तासांवर. रुग्णवाहिकेत चढवताना काकांनी डावा हात वर केला. काहीतरी म्हणालेही, पण दार आपटल्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर बाळ एक रविवार आड बसनं जाऊ लागला. निवारागृहाचे हॉल लांबच लांब, खाटा ओळीनं, भिंतींना कमरेपर्यंत तेलकट हिरवा रंग. काकांचा शर्ट नेहमी चुरगळलेला. पहिल्या भेटीतच काका म्हणाले, "इथे कॉलरींची दशा बघवत नाही." मग बाळ दर खेपेला दोन शर्ट कडक करून न्यायचा. पालकत्वाचा विषय काकांनी एकदाच काढला. "मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?" एवढंच. बाळ आणलेल्या शर्टांच्या घड्या सारख्या करत राहिला.

निवारागृहात महिन्यातून एका रविवारी मोफत कायदा-सल्ला देणाऱ्या संस्थेची वकील येऊन बसायची. तिशीतली, पाठीला शाळकरी मुलासारखी पिशवी. सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिच्यासमोर बहुतेक वेळा रांग नसायचीच. एकदा बाळ तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "सही परत मिळते का?"

वकीलबाईनं त्याला बसवून घेतलं. सगळं ऐकलं. मग तिनं समजावलं, ते असं: राज्यघटना सांगते की कायद्यापुढं सगळी माणसं समान. आपल्या देशानं एका आंतरराष्ट्रीय करारावरही सही केली आहे. त्यात म्हटलंय की आजार किंवा अपंगत्व आहे म्हणून कुणाचा निर्णय घ्यायचा हक्क काढून घेता येणार नाही. लागेल तेवढी मदत द्यावी, पण ठरवायचं त्या माणसानं. पालकत्वाचं कलम मात्र जुनंच राहिलं. ते एकदा लागलं की माणूस कायमचा अज्ञान, म्हणजे कायद्याच्या लेखी लहान मूल ठरतो.

"म्हणजे मी काय मागायचं?"

"तुमच्यापुरतं पालकत्व उठवा असं मागता येईल. नाहीतर ते कलमच घटनेविरुद्ध आहे असं म्हणता येईल. ते मोठं काम आहे. वेळ लागेल."

"काकांना घरी न्यायचंय," बाळ म्हणाला. "जे लवकर होईल ते करा."

लवकर काहीच झालं नाही. खालच्या कोर्टानं दारातूनच परत पाठवलं: पालकत्वाखालच्या माणसाला अर्ज करायचा तर पालकांमार्फत करावा. वकीलबाईला हसू आलं आणि रागही आला. तिनं थेट वरचं कोर्ट गाठलं. तिथं कलमालाच आव्हान देणारी याचिका घातली, तर तिथल्या कचेरीनंही तीच हरकत घेतली. पालकत्वाविरुद्ध दाद मागायची तर त्यावर पालकाची सही हवी, हे बरोबर की चूक, एवढ्यावरच सात महिने गेले. शेवटी न्यायाधीशांनी याचिका दाखल करून घेतली आणि दोन्ही प्रतिवादींना नोटिसा निघाल्या. प्रतिवादी क्रमांक एक सरकार, प्रतिवादी क्रमांक दोन ताई.

गुरुवारी ताई आली ती हातात पाकीट घेऊनच. चप्पल न काढता दारात उभी राहिली.

"प्रतिवादी म्हणजे काय रे?"

बाळनं मान खाली घातली. "समोरची बाजू."

"मी समोरची बाजू?"

"वकीलबाई म्हणाल्या, कायद्यानं तसं लिहावंच लागतं. तुझ्याविरुद्ध काही नाही त्यात."

"कोर्टाच्या शिक्क्याचं पाकीट माझ्या शाळेत आलं, बाळ. शिपायानं सगळ्यांदेखत आणून दिलं." ती थांबली. मग आत आली, नेहमीसारखी डबी उघडून गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. झाकण लावलं. "काय कमी केलं मी तुला?"

खरंच तिनं काही कमी केलं नव्हतं. बाळनं चहा ठेवू का विचारलं. ती नको म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाळ मात्र गुरुवारी सहा वाजले की खोली झाडून, हातपाय धुऊन बसायचा. असं दीड-दोन महिने चाललं. मग नुसतं झाडणं तेवढं उरलं.

याच सुमाराची गोष्ट. एका रविवारी बाळ दोन शर्ट घेऊन निवारागृहात गेला, तर काकांच्या खाटेवर दुसराच कुणी म्हातारा झोपलेला. परिचारिकेनं वहीत बघून सांगितलं की काका बुधवारीच गेले. झोपेतच. शुक्रवारी निवारागृहानंच सगळं उरकलं.

"मला का नाही कळवलं?"

"नातेवाईक म्हणून कुणाचं नाव नव्हतं. तुम्ही त्यांचे कोण?"

"समोरच्या टेबलावर होतो," बाळ म्हणाला.

तिला काही बोध झाला नाही. तिनं काकांचा चष्मा आणि कंगवा एका पाकिटात घालून त्याला दिला, नियमाप्रमाणे हे देता येत नाही असं म्हणतच. खाटेवरच्या म्हाताऱ्यानं शर्टांकडे बोट दाखवून विचारलं, "माझे का?" बाळनं ते त्याच्या पायथ्याशी ठेवले आणि बस पकडली. बसमध्ये त्याला रडू आलं नाही. आपला थांबा मात्र चुकला आणि तीन थांबे मागं चालत यावं लागलं.

वकीलबाईनं फोन करून विचारलं, "आता काय करायचं? याचिका मागे घेता येईल. तुम्हाला त्रास होत असेल तर."

बाळनं चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत लाँड्रीत काकांचं टेबल हलवून तिथं शर्टांचं यंत्र बसवलं गेलं. धडासारखा फुगा, त्यावर शर्ट चढवायचा, वाफ सोडायची, मिनिटात तयार. कॉलर बरी निघायची, टोकाला किंचित चुणी. मालक खूश होता. समोर बोलणारं कुणी नव्हतंच, आता यंत्राच्या सुस्काऱ्याखेरीज दिवसभर काही ऐकू यायचं नाही. पाचव्या दिवशी बाळनं फोन केला. "चालू ठेवा. आता मागे घेतलं तर म्हणतील, बघा, याचं याला काही ठरवता येत नाही." वकीलबाई फोनवर मोठ्यानं हसली. बाळला आपण विनोद केला असं वाटलं नव्हतं, पण तोही हसला.

सुनावणीला तीन न्यायाधीश होते. बाळनं पांढरा शर्ट घातला होता, स्वतः केलेला, हातानं. ताई पलीकडच्या बाकावर. दीड वर्षांनी तो तिला इतक्या जवळून बघत होता. केस बरेच पिकले होते आणि तिनं ते रंगवायचं सोडलं होतं.

सरकारी वकिलानं ताईचं शपथपत्र वाचायला घेतलं. बाळला वाटलं होतं त्यात गोळ्या, भांडी, जिना असं सगळं असेल. तसं ते होतंच. पण पुढं असं होतं की त्या सात महिन्यांत ती रोज शाळा सुटल्यावर वॉर्डाबाहेर बसून असायची, कारण डॉक्टरांनी भेटीला मनाई केली होती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी अट घातली की भावाला संस्थेत कायमचं ठेवावं, म्हणून तिनं ते मोडलं. नंतर दुसऱ्या शहरात मोठ्या पदावर बदली होत होती, तीही नाकारली. 'याबद्दल माझी तक्रार नाही,' असं तिनं लिहिलं होतं. सरकारी वकील हे सगळं एका सुरात, पाणी पिण्यापुरतं थांबत वाचत होता.

बाळला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मधल्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, "याचिकाकर्त्यांना स्वतः काही सांगायचंय?"

वकीलबाईनं त्याला काही वाक्यं पाठ करून घेतली होती. बाळ उठला आणि ती सगळी विसरला.

"ताईनं लिहिलंय ते खरं असणार," तो म्हणाला. "ती खोटं लिहीत नाही. लग्नाचं मला आत्ता कळलं." "तिनं माझं वाईट कधीच केलं नाही. फक्त मला विचारायचं राहून गेलं. आधी मला विचारण्यात अर्थ नव्हता, ते ठीक आहे. पण मी बरा झालो ते कुणी कागदावर लिहिलंच नाही."

"तुम्हाला यापुढे कुणाची मदत लागणार नाही असं वाटतं?"

"लागेल की. मला पत्रं कळत नाहीत. आजारही परत येईल, नाही असं नाही. पण मदत मी मागितली असं व्हावं. मला एका माणसाला घरी न्यायचं होतं, ते राहिलं."

न्यायाधीशबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. बाळ उभाच होता. वकीलबाईनं बाही ओढली तेव्हा बसला.

निकाल चार महिन्यांनी आला. माणसाचे सगळेच निर्णय कायमचे दुसऱ्याच्या हाती देणारं कलम घटनाबाह्य ठरलं. सरकारला नवा कायदा करायला एक वर्ष दिलं. तोवर पालकत्वाखालच्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावानं कोर्टात जायची मुभा मिळाली, आणि अशी माणसं देशात हजारो होती. बाळचं पालकत्व त्याच दिवसापासून संपलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पान तीनवर बातमी आली. मालकानं ती कापून गल्ल्याच्या काचेखाली लावली. गिऱ्हाइकं विचारायची, "हेच का ते?" आणि मालक पडदा बाजूला करून बाळला दाखवायचा. आठवडाभरानं नवलाई ओसरली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ताई त्याच्या समोरून आली. वकीलबाईला कुणीतरी फुलं दिली होती, फोटो चालले होते. ताई थांबली. "आता सगळं तुझं तू बघणार म्हणजे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती जणू शाळेतल्या एखाद्या वहीचं शेवटचं पान मिटत होती. आणि जिना उतरून गेली.

मग एकेक गोष्ट बाळच्या नावावर झाली. खोलीचा करार, बँक, डॉक्टर. डॉक्टरांकडे तो पहिल्यांदाच एकटा गेला. "झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं आणि सवयीनं बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बाळनंही पाहिलं. चपला घ्यायला गेला तर दुकानदारानं नंबर विचारला. बाळनं आठ सांगितला, घरी आल्यावर लक्षात आलं की त्या बोटाला लागतायत. त्यानं त्या तशाच वापरल्या. बदलून आणायला जायचं त्याला जड वाटलं.

सगळं स्वतः ठरवण्यात दिवस भरायचा, पण काय ठरवलं ते सांगायला कुणी नव्हतं. नवे पडदे आणले, फिकट निळे. एका रविवारी लावले, आणि तो बराच वेळ खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

शेवटी एका संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला. जिना चढताना त्याला जाणवलं की इतक्या वर्षांत आपण इथं पाच-सहा वेळाच आलो असू. नेहमी तीच यायची. तिनं दार उघडलं, क्षणभर दचकली. "काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. सहज आलो."

तिनं त्याला पुढच्या खोलीत बसवलं. चहा केला, तोही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फुलाफुलांच्या कपांत. बिस्किटं बशीत गोल मांडून आणली. कोपऱ्यात एक नवी बॅग उघडी होती, अर्धी भरलेली.

"कुठे निघालीस?"

"शाळेतल्या बायकांबरोबर. समुद्रावर. तीन आठवडे." ती म्हणाली, "मी समुद्र पाहिलेला नाही अजून."

बाळनं चहा प्यायला. मग म्हणाला, "तू लग्नाचं मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तू मग आयुष्यभर ते ओझं घेऊन बसला असतास." तिनं बशी त्याच्याकडे सरकवली. "खरं सांगू? मला अजून राग आहे. तुझ्यावर की कुणावर ते कळत नाही. गुरुवारी संध्याकाळी पाय आपोआप तुझ्याकडे वळतात. कोपऱ्यापर्यंत येते आणि परत जाते. आता मी तिथं कोण म्हणून यायचं?"

"ताई म्हणून."

"ती मी आधी होते. मधल्या चोवीस वर्षांत जी झाले, ती ताई नव्हती. पुन्हा ताई कसं व्हायचं ते मला जमत नाही अजून."

तिनं हे शांतपणे सांगितलं. बाळच्या मनात आलं, ये ना, गोळ्या मोज हवं तर. पण ते बोलणं बरोबर नव्हे हे त्याला कळत होतं. तो उठला. कप आत नेऊन धुवायला लागला, तर ती म्हणाली, "असू दे, मी करते."

दारापर्यंत ती सोडायला आली. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, चपलांकडे. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते तिनं आवरलं. "येत जा," ती म्हणाली. "फक्त फोन करून येत जा. मी घरी असेनच असं नाही आता."

ती समुद्रावर जाऊन आली. सावळी पडली होती, असं बाळ सांगतो. तो फोन करून जातो. महिन्यातून एकदा, क्वचित दोनदा. चहा होतो, शाळेतल्या बायकांच्या गमती ती सांगते, लाँड्रीतल्या चार गोष्टी तो सांगतो. कधी ती फोन उचलत नाही. मग तो अर्धा तास थांबतो आणि पुन्हा लावतो.